कलावंत असल्याचा दाखला कोणी द्यायचा?

भंडारा जिल्ह्यातला खडीगंमत या लोककलेचा शाहीर पन्नाशी ओलांडून शासनाच्या मानधनासाठी अर्ज भरायला बसतो, तेव्हा त्याला स्वतःविषयी सांगण्यासारखे बरेच असते. कोणाच्या हाताखाली शिकलो, कोणत्या गावच्या मंडईत कोणत्या शाहिरासोबत दुय्यम सामना झाला, त्या दिवशी ढोलकीवर कोण होते आणि नाच्याचे काम कोणी केले, हे त्याला तोंडपाठ असते. अर्जात यातल्या कशालाच जागा नसते. वयाचा दाखला, आधार, रहिवासाचा दाखला, तहसीलदारांचे उत्पन्नाचे प्रमाणपत्र, बँकेचे पासबुक, पती-पत्नीचा एकत्र फोटो आणि कलाक्षेत्रातल्या किमान १५ वर्षांच्या कामाचे पुरावे, एवढे त्याला जोडायचे असते. बाकीचे कागद धावपळ करून मिळतात, कारण ते देणारी खिडकी कुठे ना कुठे असते. शेवटच्या कागदाची खिडकी कुठेच नाही. पंधरा वर्षे गावोगावी उभे राहून गायल्याचा दाखला देणारे कार्यालय या जिल्ह्यात कधी नव्हते.

माझे म्हणणे असे आहे, की मदतीसाठी अर्ज करणे हे कलावंताचे काम आहे आणि ते त्याने संकोच न करता करावे. पण तो कलावंत आहे याची नोंद ठेवणे हे गावाचे आणि शासनाचे काम आहे. हे काम दोघांनीही आजवर अंगावर घेतले नाही. त्यामुळे ज्याच्याकडे कागद सर्वांत कमी असतात, त्याच्याच डोक्यावर कागद जमवण्याचे सगळे ओझे येऊन पडले आहे. योजना चांगली असूनही ती नेमक्या माणसापर्यंत पोहोचत नाही, याचे मूळ इथे आहे.

महाराष्ट्राला कलावंतांची आठवण उशिरा झाली, असे म्हणता येणार नाही. वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देणारी योजना १९५४-५५ पासूनची आहे, म्हणजे ती महाराष्ट्र राज्याहून जुनी आहे. ती सुरू झाली तेव्हा भंडारा मध्य प्रदेशात होता. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, तेव्हा इथल्या कलावंतांना तिच्याकडे पाहता येऊ लागले. पुढे या योजनेत कलावंतांचे तीन वर्ग पडले. राष्ट्रीय पातळीवरचे ते ‘अ’, राज्य पातळीवरचे ते ‘ब’ आणि स्थानिक ते ‘क’. या वर्गांना दरमहा अनुक्रमे ३,१५०, २,७०० आणि २,२५० रुपये मिळत. मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने ही वर्गवारी मोडीत काढली. आता सर्वांना दरमहा सरसकट ५,००० रुपये मिळतात आणि योजनेला राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे. वयाची अट ५० वर्षांची, दिव्यांगांसाठी ४० वर्षांची. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ६०,००० रुपये. आणि दरवर्षी एका जिल्ह्यातून नवे १०० कलावंत, असे तिचे स्वरूप आहे. कलावंताच्या मागे त्याच्या जोडीदाराला हे मानधन पुढे चालू राहते. अर्जात पती-पत्नीचा एकत्र फोटो लागतो तो त्यासाठी.

वर्गवारी गेली याचे मोल झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, माणसाला अधिक कळेल. दंडार आणि खडीगंमत या कला स्वभावानेच स्थानिक आहेत. त्या झाडीबोलीत बोलतात, इथल्या सणांना धरून उभ्या राहतात, आणि समोरच्या प्रेक्षकातल्या माणसांची नावे घेऊन विनोद करतात. असा कलावंत कितीही मोठा झाला, तरी जुन्या नियमाने तो ‘क’ वर्गातच बसणार होता. मुंबईच्या सभागृहात गेला नाही म्हणून तो लहान, हा हिशेब चुकीचाच होता. शासनाने तो दुरुस्त केला, याबद्दल त्याचे मनापासून अभिनंदन केले पाहिजे. आता एवढीच मागणी आहे, की रकमेबाबत जी समज दाखवली ती पुराव्याबाबतही दाखवावी.

पुरावा का नसतो, हे समजून घेण्यासाठी या कलांची राहणी पाहावी लागते. वैनगंगेच्या आणि जुन्या मालगुजारी तलावांच्या पाण्यावर इथे धान होते. दिवाळीच्या सुमारास हलका धान कापून होतो, हातात थोडा पैसा येतो, आणि भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरू लागते. पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात. दिवसा दंडार आणि खडीगंमत, रात्री नाटक. आजही साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी, मोहाडी, तुमसर या तालुक्यांत हे पाहायला मिळते. मंडईचे आमंत्रण येते ते एखाद्या माणसाच्या तोंडी किंवा फोनवर. बिदागी हातात मिळते, तिची पावती नसते. कार्यक्रमाचे पत्रक छापले जाते, पण पातळ रंगीत कागदावरचे ते पत्रक पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकत नाही. आणि ते टिकले तरी त्यावर मुख्य शाहिराचे नाव असते, पुढे लिहिलेले असते ‘आणि संच’. ढोलकीवाला, तुणतुण्यावर साथ करणारा, झिलकरी, नाच्या, हे सगळे त्या दोन शब्दांत सामावून जातात. वीस वर्षे साथ केलेल्या ढोलकीवाल्याला आपले नाव छापलेला एकही कागद दाखवता येत नाही, तो यामुळे.

दंडारीत तर हा प्रश्न आणखी खोल जातो. दंडार ही पुष्कळदा गावाची असते. वर्गणी गाव काढते, तालीम गावात होते, शेतात राबणारे पुरुषच स्त्रीवेषात उभे राहतात. तिथे कलावंत आणि गावकरी यांच्यात रेघ ओढता येत नाही. शासनाची योजना मात्र एकेका व्यक्तीची आहे. तिला एक नाव, एक खाते आणि एक पासबुक हवे असते. जी कला दहा-पंधरा माणसांनी मिळून उभी केली, तिच्यातून एकाने पुढे येऊन ‘मी कलावंत’ असे लिहून द्यायचे. ज्याला लिहिता-बोलता येते, ज्याचे पंचायत समितीत जाणे-येणे आहे, तो अर्ज करतो. बाकीचे राहून जातात. त्या एकाचा यात दोष नाही. पण एका पथकातल्या एकाला मानधन आणि त्याच्याच बरोबरीच्या दुसऱ्याला काही नाही, असे झाले की पथकात अढी बसते, आणि जी कला टिकावी म्हणून पैसा दिला तिच्याच मुळाशी भांडण येते.

स्त्रियांचे काय होते, याचाही विचार झाला पाहिजे. जात्यावर, लग्नघरात, भुलाबाईच्या खेळात, भजनात गाणाऱ्या बायकांनी आपल्या बोलीतला केवढा तरी ठेवा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला आहे. त्यांच्या गाण्याला मंच नव्हता, पत्रक नव्हते, बिदागी तर नव्हतीच. ज्या नियमात पुरावा म्हणजे जाहीर कार्यक्रमाचा कागद, त्या नियमात या बायका कलावंत ठरणे फार अवघड आहे. शंभर जणांच्या यादीत त्या किती असतात, हे प्रत्येक जिल्ह्याने स्वतःला विचारावे.

लोककलांची नोंद ठेवण्याचे काम या भागात झालेच नाही, असे नाही. साकोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली, दंडार आणि इथल्या लोकरंगभूमीवर आयुष्यभर काम केले, गावोगावी फिरून साहित्य जमवले आणि ते ग्रंथांत आणले. एका अभ्यासकाने हे केले त्याअर्थी ते होण्यासारखे आहे. जिल्ह्याच्या यंत्रणेने त्याच वाटेने जाऊन कलावंतांची नोंदवही ठेवली असती, तर आजचा अर्जदार रिकाम्या हाताने खिडकीपाशी उभा राहिला नसता.

अशी नोंद नसली की काय होते, हे करोनाच्या काळात दिसले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. मंडई, जत्रा, नाटके सगळे बंद पडले. ज्यांचे वर्षाचे उत्पन्न दिवाळी ते होळी एवढ्या काळात मिळते, त्यांचा पुढचा हंगामच बुडाला. राज्याने एकल कलावंतांना प्रत्येकी ५,००० रुपयांची एकरकमी मदत जाहीर केली. सुमारे ५६,००० कलावंत गृहीत धरून २८ कोटींची तरतूद ठरली. पण हा निर्णय व्हायला २०२१ उजाडले, आणि त्यानंतर पुन्हा अर्ज, पुन्हा दाखले, पुन्हा पुरावे. संकट आल्यावर कलावंत शोधायला निघायचे, म्हणजे मदत वेळेत पोहोचणारच नाही. अतिवृष्टीत पिके बुडाली तर शेतकरी कोण, हे सातबाऱ्यावरून कळते. कलावंताचा असा उतारा कुठेच नाही.

या ठिकाणी शाहू महाराजांचे नाव केवळ आदरापोटी घेऊन पुढे जाता येणार नाही. कोल्हापूरच्या या राजाने १८९५ मध्ये अल्लादिया खाँसाहेबांना दरबारात आश्रय दिला, नाटकांसाठी पॅलेस थिएटर उभारले, शाहीर, पैलवान, चित्रकार यांना हात दिला. तो काळ राजाश्रयाचा होता. राजाने ऐकावे, पारख करावी आणि ठरवावे, अशी ती रीत. तिच्यात मर्जीचा धोका होता. राजा रसिक असला तर कलावंत तरले, नसला तर संपले. लोकशाहीने ही मर्जी काढून तिच्या जागी नियम आणला, हे योग्यच झाले. पण मर्जी काढताना ऐकणेही सुटले. जिल्ह्याची निवड समिती अर्जाच्या फायली पाहते. फाइल जाड असेल तो कलावंत मोठा, आणि फाइल पातळ असेल तो लहान, असे होण्याची भीती यात सतत राहते. ज्याच्या नावाने योजना आहे तो राजा गाणे ऐकत असे. योजनेनेही ऐकले पाहिजे.

कीर्ती आणि सन्मान असूनही भागत नाही, याची साक्ष महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. पठ्ठे बापूरावांच्या लावण्यांवर महाराष्ट्र डोलला, पण १९४५ मध्ये ते हलाखीत गेले. तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. तरी २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा उपचारांच्या खर्चाचीही भ्रांत होती. पुढे त्यांच्याच नावाने राज्याने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. सन्मान एक दिवसाचा असतो. औषध, किराणा, घरभाडे दर महिन्याला लागते. म्हणून नियमित मानधनाची कल्पना पुरस्कारापेक्षा श्रेष्ठ आहे, असे मी मानतो. पद्मश्री मिळालेला कलावंत लाखात एक. गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये झाडीपट्टी रंगभूमीसाठी तो मान मिळाला आणि साऱ्या झाडीपट्टीची मान उंचावली. त्यांच्या मागे उभ्या राहिलेल्या शेकडो नटांना, वादकांना, पडदे बांधणाऱ्यांना मात्र दरमहाच्या आधाराचीच गरज आहे.

आता वयाचा मुद्दा. राज्याचे मानधन पन्नाशीनंतर मिळते. त्याआधी कलावंताने काय करावे? केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या तरुण कलावंतांसाठी दरमहा ५,००० रुपयांची दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे, आणि तिच्यात लोककलाही येतात. २५ ते ४० वयोगटासाठी दरमहा १०,००० रुपयांची कनिष्ठ आणि चाळिशीनंतर दरमहा २०,००० रुपयांची वरिष्ठ अधिछात्रवृत्ती आहे, तीही दोन वर्षांची. नागपूरच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राकडे गुरू-शिष्य परंपरा योजना आहे, तिच्यात गुरूला, साथीदाराला आणि शिष्यांना दरमहा मानधन मिळते. राज्याकडे तमाशा, दशावतार, खडीगंमत, झाडीपट्टी अशा पथकांसाठी भांडवली आणि प्रयोग अनुदान आहे. यादी लहान नाही. पण अधिछात्रवृत्तीसाठी संशोधन-प्रकल्पाचा आराखडा लिहून द्यावा लागतो, आणि अनुदानासाठी पथक कागदोपत्री उभे असावे लागते. धान रोवून, कापून, उरलेल्या दिवसांत गाणाऱ्या तिशीतल्या माणसाला ही दारे फार उंच वाटतात. परिणामी लोककलावंताच्या आयुष्यातला सर्वांत भराचा काळ, पंचविशी ते पन्नाशी, आधाराविना जातो. याच काळात तो कला सोडून नागपूरला नाहीतर आणखी दूर मजुरीला निघून जातो. पन्नाशीत मानधन मागायला कोणी उरावे असे वाटत असेल, तर तिशीतल्या माणसाला धरून ठेवले पाहिजे. त्यासाठी सर्वांत सोपी सुरुवात गुरू-शिष्य योजनेपासून होईल. एक म्हातारा शाहीर आणि चार पोरे, एवढे प्रत्येक तालुक्यात जमले तरी दहा वर्षांनी चित्र वेगळे दिसेल.

या सगळ्यावर तीन आक्षेप घेतले जातात, आणि ते पोकळ नाहीत.

पहिला आक्षेप बोगस कलावंतांचा. पुराव्याची अट सैल केली तर कधी टाळही न धरलेला माणूस मानधन घेऊन जाईल, अशी भीती असते. ही भीती खरी आहे, पण तिच्यावर कागद हा उपाय नाही. एखाद्या संस्थेचे शिफारसपत्र ओळखीने मिळवता येते, प्रमाणपत्र छापून घेता येते, मंचावर उभे राहून फोटो काढता येतो. गावाच्या डोळ्यांत धूळ टाकणे त्याहून कितीतरी अवघड आहे. कोणाच्या गाण्याला माणसे पहाटेपर्यंत बसून राहत, आणि कोण नुसता माइक धरून उभा राहत असे, हे मंडईत बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. खोट्या अर्जाला अडवायचे असेल, तर त्याची तपासणी चारचौघांत, गावासमोर झाली पाहिजे.

दुसरा आक्षेप असा, की कला प्रेक्षकांच्या जिवावर जगावी, सरकारच्या नव्हे. झाडीपट्टी रंगभूमीकडे बोट दाखवून हे सांगितले जाते, आणि त्यात तथ्य आहे. देसाईगंज-वडसा इथल्या नाट्यमंडळ्या तिकीट लावून रात्रभर नाटके करतात, गावोगावचे हजारो प्रेक्षक पैसे देऊन ती पाहतात. ही आपल्या भागाची अभिमानाची गोष्ट आहे. पण या रंगभूमीचाही आधार किती नाजूक आहे, ते पाहा. नाटके शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, निमित्ताने होत. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली आणि ती २०२१ च्या डिसेंबरपर्यंत राहिली. ज्या गावांत पटासाठी माणसे जमत, तिथे नाटकाचे निमित्तच गेले. मंडईच्या आधाराने रंगभूमी तगली, पण हंगाम एका निर्णयाने, एका पावसाने किंवा एका साथीने कोसळू शकतो. शिवाय तिकिटाचा पैसा नाटकाला मिळतो; दंडारीला आणि खडीगंमतीला तिकीट नसते. प्रेक्षकांनी कला जगवावी हे मान्य. म्हातारपण, आजारपण आणि शिकण्याची वर्षे मात्र प्रेक्षक सांभाळू शकत नाहीत. सार्वजनिक पैशाची जागा तिथेच आहे.

तिसरा आक्षेप पैशाचा. तिजोरीत किती कलावंत बसणार? साधा हिशेब करू. एका जिल्ह्यातल्या १०० कलावंतांना दरमहा ५,००० म्हणजे वर्षाला ६० लाख रुपये. राज्यातल्या ३६ जिल्ह्यांची एका वर्षाची नवी भर म्हणजे २१ कोटी ६० लाख. आधीच्या वर्षांतले लाभार्थी धरून ही रक्कम वाढत जाते, हे खरे. तरीही राज्याच्या अर्थसंकल्पात ती फार मोठी नाही. प्रश्न उरतो तो वाटणीचा. प्रत्येक जिल्ह्याला सारखेच १०० हा नियम वरवर न्याय्य दिसतो. पण जिथे जवळजवळ प्रत्येक मोठ्या गावात दंडारीचे किंवा भजनाचे पथक आहे, तिथली रांग आणि दुसरीकडची रांग सारखी नसते. गोंदिया १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. तो वेगळा झाला नसता, तर आज दोन्हीकडच्या कलावंतांना मिळून एका जिल्ह्याच्याच १०० जागा वाट्याला आल्या असत्या. हद्दीच्या रेषेवर म्हातारपणाचा आधार ठरू नये. नोंद असेल तर कोटा गरजेप्रमाणे ठरवता येईल. नोंदच नसेल तर सगळ्यांना सारखे वाटून मोकळे होण्याशिवाय शासनापुढेही मार्ग नाही.

मग नोंद कशी करायची? यासाठी नवे काही शोधून काढावे लागत नाही. आपल्या शेजारच्या जंगलात याचे उत्तर आधीच सापडले आहे. २००६ च्या वन हक्क कायद्याखाली इतर पारंपरिक वननिवाशांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. एवढ्या काळाचे कागद गरीब माणसाकडे नसणार, हे कायदा करणाऱ्यांना माहीत होते. म्हणून २००८ च्या नियमांत पुराव्यांच्या यादीत गावातल्या वडीलधाऱ्या माणसांचा लेखी नोंदवलेला जबाबही घेतला गेला, आणि दाव्यांची पहिली छाननी ग्रामसभेकडे सोपवली गेली. एकाच पुराव्यावर काम भागत नाही, त्याला दुसऱ्याची जोड लागते, पण म्हाताऱ्या माणसाचा शब्द हा पुरावा आहे, हे कायद्याने मान्य केले. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, तो याच कायद्याच्या आधारे. जिथे जमीन आणि जंगल यांचा प्रश्न आहे, तिथे सरकार गावाची साक्ष मानते. मग पंधरा वर्षे ढोलकी वाजवल्याची साक्ष मानायला अडचण कोणती?

तेव्हा करता येण्यासारखे असे. ग्रामसभेने आपल्या गावातल्या कलावंतांची यादी करावी. प्रत्येकाच्या नावापुढे कला, गुरूचे नाव, किती वर्षांपासून, कोणत्या पथकात आणि कोणते काम, हे लिहावे. ‘आणि संच’मधले प्रत्येक नाव त्यात यावे, घरात गाणाऱ्या बायकांचेही यावे. तीन वडीलधाऱ्यांचे जबाब जोडावेत आणि ठराव करावा. पंचायत समितीने मंडईच्या दिवसांत तालुक्यात एक-दोन ठिकाणी दिवसभराचे शिबिर घ्यावे, तिथे या कलावंतांनी आपली कला सादर करावी आणि तिचे चित्रीकरण जिल्ह्याकडे जपून ठेवावे. ग्रामसभेचा ठराव आणि हे चित्रीकरण मिळून पुरावा पुरा मानावा. अर्ज ऑनलाइन भरण्याची सोयही त्याच शिबिरात व्हावी. अर्ज नाकारला तर कारण लेखी कळवावे. दरवर्षीचा हयातीचा दाखला गावातच मिळावा. समितीपुढे पात्र अर्ज शंभरांहून अधिक आले, तर वयाने सर्वांत मोठा तो आधी, असा उघड क्रम लावावा आणि प्रतीक्षायादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. सत्तरीतल्या माणसाला ‘पुढच्या वर्षी या’ असे सांगता कामा नये.

जगात इतर देशांनीही या अडचणीशी झुंज दिली आहे. आयर्लंडने २०२२ मध्ये कलावंतांसाठी मूलभूत उत्पन्नाचा प्रयोग सुरू केला आणि २,००० कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो दिले. अर्ज नऊ हजारांच्या वर आले होते. पात्रता तपासल्यावर शासनाने चिठ्ठ्या टाकून निवड केली. कोण थोर आणि कोण सामान्य हे ठरवण्याचा अधिकार शासनाने आपल्याकडे घेतला नाही, ही त्यातली मोठी गोष्ट. फ्रान्समध्ये रंगभूमी आणि चित्रपटातले कलावंत व तंत्रज्ञ १२ महिन्यांत ५०७ तासांचे काम दाखवू शकले, तर काम नसलेल्या काळात त्यांना बेरोजगारी भत्ता मिळतो. तिथे पडदा ओढणाराही मोजला जातो, कारण मोजणी कामाच्या तासांची असते, कीर्तीची नसते. या दोन्ही पद्धती जशाच्या तशा आपल्याकडे चालणार नाहीत. आपल्याकडे पगारपत्रकेच नाहीत. पण त्यांच्या मुळाशी असलेले तत्त्व आपल्याला घेता येते: कलावंताचे काम मोजा, त्याचा मोठेपणा तोलत बसू नका.

एक धोका आधीच ओळखून ठेवला पाहिजे. शासनाच्या योजनांच्या प्रसिद्धीसाठी कलापथकांना काम मिळते. ते कामच आहे, त्याचा मोबदला घेण्यात गैर काही नाही. पण मानधनाला अशा प्रचाराची अट कधीही चिकटता कामा नये. खडीगंमतीचा शाहीर भर मंडईत पाटलालाही सुनावतो आणि पुढाऱ्यालाही. प्रेक्षक त्याच्यासाठीच बसलेले असतात. मानधन घेतले म्हणून त्याची जीभ आवरली गेली, तर आपण पैसे देऊन कला विकत घेतली असे होईल, जगवली असे होणार नाही. ग्रामसभेच्या हातात यादी देतानाही हेच भान हवे. ज्याने सरपंचावर कवन रचले त्याचे नाव वगळले गेले, तर त्याला थेट जिल्ह्याकडे दाद मागता आली पाहिजे.

कलावंतांनाही काही सांगायचे आहे. मानधन मागणे म्हणजे हात पसरणे, अशी भावना अनेक मानी माणसांच्या मनात असते, आणि म्हणून ते अर्जच करत नाहीत. ही भावना मी समजू शकतो, पण ती सोडून द्यावी. गावाने तुमच्याकडून आयुष्यभर जे घेतले, त्याची ही फार थोडी परतफेड आहे. पथकातल्या सर्वांनी एकत्र बसून अर्ज भरावेत, म्हणजे कोणी मागे राहणार नाही. कवनांची बाडे जपावीत, त्यांच्यावर गुरूचे नाव आणि साल घालावे. पुढच्या कार्यक्रमाच्या पत्रकावर ‘आणि संच’ न छापता सर्वांची नावे छापावीत. आयोजकांकडून दोन ओळींचे पत्र घ्यावे, मोबाइलवर तारखेसह चित्रीकरण करून ठेवावे. गावातल्या शिक्षकांनी आणि कॉलेजात शिकणाऱ्या मुलांनी या कामात त्यांच्याशेजारी बसावे. आज ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांच्यासाठी ग्रामसभेची साक्ष हवी. उद्याच्या कलावंताला मात्र रिकाम्या हाताने उभे राहावे लागू नये.

मंडईचा हंगाम रंगात असतानाच २६ जानेवारीची ग्रामसभा येते. भंडारा जिल्ह्यातल्या प्रत्येक गावाने त्या दिवशीच्या विषयपत्रिकेवर ‘गावातील कलावंतांची नोंद’ हा एक विषय घ्यावा. याला शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही, निधी लागत नाही, वरून परवानगीही लागत नाही. लागते ते एक रजिस्टर आणि एक दुपार. सात तालुक्यांतून असे ठराव जिल्हा परिषदेत येऊन पडू लागले, की पुराव्याचा नियम बदला, असे मुंबईला ठणकावून सांगण्याचा अधिकार या जिल्ह्याला येईल. तोवर दर वर्षी शंभर नावे निवडली जातील, आणि ज्यांच्या गाण्यावर आपण लहानाचे मोठे झालो, त्यांतली किती त्या यादीत आहेत, हे आपल्याला सांगता येणार नाही.